आठवण ठेवावी कशी?

सायंटॉलॉजी नावाचा एक पंथ आहे. त्याची प्रार्थनागृहे म्हणा, सभागृहे म्हणा, अमेरिकेत आहेत, इंग्लंडात आहेत, ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेतही आहेत. या पंथाच्या वास्तूत तुम्ही गेलात, तर तिथे एक खोली हमखास राखून ठेवलेली दिसेल. खोलीत एक टेबल असते, टेबलामागे खुर्ची असते, लिहिण्याचे साहित्य नीट मांडलेले असते. सगळे कसे, मालक आत्ताच बाहेर गेला आहे आणि घटकाभरात परत येईल, असे. पण त्या खुर्चीवर कोणी बसत नाही. ज्यांच्यासाठी ती खोली राखली आहे ते गृहस्थ १९८६ साली वारले. त्यांच्या मृत्यूनंतर उभ्या राहिलेल्या वास्तूंतही, जिथे त्यांचे पाऊल कधी पडणे शक्य नव्हते तिथेही, त्यांच्या नावाची खोली असतेच.

त्या गृहस्थांचे नाव लॅफियेट रोनाल्ड हबर्ड. अनुयायी त्यांना नुसते ‘रॉन’ म्हणत. या पंथाचे ते संस्थापक.

आता तुम्ही म्हणाल, सातासमुद्रापलीकडच्या या माणसाशी आमचे काय देणेघेणे? प्रश्न रास्त आहे. मी काही तुम्हाला त्या पंथाची दीक्षा द्यायला बसलेलो नाही, आणि त्याची टवाळी करायलाही नाही. सांगायचे आहे ते निराळेच. एखादा माणूस फार लाडका असला आणि तो गेला, की मागे राहिलेल्यांपुढे एक प्रश्न उभा राहतो: याची आठवण ठेवायची ती कशी? हा प्रश्न कोणत्याही देशातल्या, कोणत्याही गावातल्या माणसांना सुटलेला नाही. हबर्ड यांच्या बाबतीत मात्र तो थेट न्यायालयापर्यंत गेला. त्याचे कागद झाले, साक्षी झाल्या, निकाल झाला. म्हणून तो आपल्याला नीट, उजेडात धरून पाहता येतो.

आधी हा माणूस कोण ते पाहू.

हबर्ड यांचा जन्म १३ मार्च १९११ रोजी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात टिल्डेन या लहानशा गावी झाला. वडील पुढे नौदलात नोकरीला लागले. बाळपणाचा बराच काळ मोंटाना राज्यात गेला. वॉशिंग्टनच्या एका विद्यापीठात त्यांनी नाव घातले, परंतु पदवी न घेताच १९३२ साली ते तिथून बाहेर पडले. पुढे लेखणीवर पोट भरू लागले. त्या काळी अमेरिकेत स्वस्त कागदावर छापलेली गोष्टींची मासिके फार खपत. शब्दाला इतके सेंट असा हिशेब असे. हबर्ड यांनी साहसाच्या गोष्टी लिहिल्या, समुद्रावरच्या लिहिल्या, परग्रहांवरच्या लिहिल्या. लिहिण्याचा वेग असा, की संपादकाने मागावे आणि यांनी द्यावे. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात अधिकारी होते.

युद्धानंतर, मे १९५० मध्ये, त्यांनी ‘डायनेटिक्स’ नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे: माणसाला जे दुःखाचे, वेदनेचे, भीतीचे प्रसंग सोसावे लागतात, ते मनाच्या एका कोपऱ्यात जसेच्या तसे साठून राहतात आणि पुढे जन्मभर त्याला छळतात. ते प्रसंग एकेक करून पुन्हा आठवून, बोलून मोकळे केले, की माणूस निर्मळ होतो. हे शास्त्राला मान्य झाले का? नाही. डॉक्टरांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी त्याला पुरावा मागितला, आणि त्यांचे समाधान होईल असा पुरावा मिळाला नाही. पण लोकांनी पुस्तक उचलून धरले. त्याचा खप पाहता पाहता लाखावर गेला. १९५२ साली हबर्ड यांनी त्या विचाराला ‘सायंटॉलॉजी’ असे नाव देऊन पुढचा आकार दिला, आणि १९५३ व १९५४ या सालांत अमेरिकेत धर्मसंस्था म्हणून तिच्या नोंदण्या झाल्या.

या पंथात ‘ऑडिटर’ नावाचा एक माणूस असतो. आपल्याकडे ऑडिटर म्हटले, की सहकारी सोसायटीच्या चेअरमनच्या छातीत धडधडते! हा ऑडिटर तसा नव्हे. मूळ लॅटिन भाषेत त्या शब्दाचा अर्थ ‘ऐकणारा’ असा आहे, आणि तोच अर्थ इथे घेतला आहे. दोन माणसे समोरासमोर बसतात. एकाच्या हातात पत्र्याच्या डब्यासारख्या दोन नळ्या असतात, त्या तारांनी एका यंत्राला जोडलेल्या असतात, आणि यंत्रावर एक काटा हलत असतो. त्याला ई-मीटर म्हणतात. अंगातून अगदी मंद वीज जाते, आणि हाताला घाम आला, पकड बदलली, मन चळले, की काटा हलतो. समोरचा माणूस प्रश्न विचारतो. हातात नळ्या धरलेला माणूस उत्तरे देतो, आठवतो, कधी रडतो, कधी हसतो. समोरचा माणूस त्याला दटावत नाही, उपदेश करत नाही. तो ऐकतो.

श्रोतेहो, इथे जरा थांबू या. यंत्राच्या काट्यात काय सामर्थ्य आहे, याविषयी शंका घ्यायला भरपूर जागा आहे. १९६३ साली अमेरिकन सरकारने, या यंत्राने रोग बरे होतात असे दावे केले जातात म्हणून, शेकडो नव्हे तरी पुष्कळ यंत्रे जप्त केली होती. आणि पुढे न्यायालयाने सांगितले, की हे यंत्र रोग बरा करते असे म्हणता येणार नाही, धार्मिक कामापुरते ते वापरावे. पण यंत्र बाजूला ठेवा. तासभर आपले बोलणे कोणीतरी मन लावून ऐकते आहे, हे सुख किती जणांच्या वाट्याला येते? सासुरवाशिणीला विचारा, म्हाताऱ्या माणसाला विचारा, शाळेतल्या मागच्या बाकावरच्या मुलाला विचारा. हबर्ड यांच्यावर हजारो माणसांनी जीव टाकला, त्याचे एक मोठे कारण इथे आहे. आपल्याला कोणीतरी ऐकले, आणि त्या ऐकण्याची रीत या माणसाने शिकवली, अशी त्यांची भावना होती. ती भावना खोटी नव्हती. ज्याला हे समजत नाही, त्याला अशा पुढाऱ्याचे प्रेम कधीच समजणार नाही.

आणि माणूसही मोठा मोहिनी घालणारा. हल्ली वर्तमानपत्रांत ‘करिष्मा’ असा शब्द येतो, तो हाच. उंच, धिप्पाड, तांबूस केसांचा, बोलायला उभा राहिला की विनोद करीत, गोष्टी सांगत तासन्‌तास बोलणारा. त्यांची व्याख्याने ध्वनिमुद्रित करून ठेवली आहेत, आणि ती हजारांनी मोजावी लागतात. अनुयायी आजही ती लावून ऐकतात. ज्यांनी त्यांना कधी डोळ्यांनी पाहिले नाही, तेसुद्धा त्या आवाजावरून त्यांना ‘ओळखतात’. आकाशवाणीच्या श्रोत्यांना हे वेगळे सांगायला नको. आवाज कानात राहिला, की माणूस घरातला वाटू लागतो.

१९५९ साली हबर्ड यांनी इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यात, ईस्ट ग्रिन्स्टेड गावाजवळ ‘सेंट हिल’ नावाचा एक मोठा वाडा विकत घेतला. हा वाडा कोणाचा असावा? आपल्या जयपूरच्या महाराजांचा! तिथे काचघरात हबर्ड यांनी टोमॅटोची झाडे लावली, आणि झाडाला तारा जोडून, ई-मीटरचा काटा पाहून, कापले तर झाडालाही वेदना कळतात असे ते सांगू लागले. वर्तमानपत्रांतून छायाचित्रे छापून आली. कोणी हसले, कोणाला कौतुक वाटले. शेतकरी श्रोते काय म्हणतील ते मला ठाऊक आहे: “झाडाला कळतं हे सांगायला यंत्र कशाला?” पण माणूस कसा होता हे या गोष्टीवरून कळते. जे करायचे ते चारचौघांत, थाटामाटात, आणि ठाम विश्वासाने.

आता दुसरी बाजू. ती न सांगितली तर हे भाषण म्हणजे नुसती आरती होईल.

पंथ वाढला तसा त्याच्याविषयी तक्रारीही वाढल्या. वरच्या वरच्या पायऱ्यांसाठी भरावी लागणारी रक्कम फार मोठी आहे, अशी एक तक्रार. पंथ सोडणाऱ्यांना आणि टीका करणाऱ्यांना त्रास दिला जातो, अशी दुसरी. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १९६५ साली चौकशीचा अहवाल निघाला, तो अत्यंत कडक होता, आणि त्यानंतर तिथे या पंथावर बंधने आली. ती बंधने पुढे उठली, आणि १९८३ साली ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने हा धर्मच आहे असा निर्णय दिला. १९६७ साली हबर्ड जहाजांवर राहायला गेले आणि सुमारे आठ वर्षे समुद्रावर फिरत राहिले. त्यांच्याबरोबर निष्ठावंतांचे एक पथक होते, त्याला ‘सी ऑर्ग’ म्हणतात. या पथकात येणारा माणूस शंभर कोटी वर्षांच्या सेवेचा करार लिहून देतो. हसू नका, पुनर्जन्मावर त्यांचा विश्वास आहे, तेव्हा त्यांच्या हिशेबात ते बसते. १९७७ साली अमेरिकन पोलिसांनी पंथाच्या कचेऱ्यांवर छापे घातले, आणि सरकारी कचेऱ्यांत गुप्तपणे शिरून कागदपत्रे मिळवल्याच्या प्रकरणात १९७९ साली हबर्ड यांच्या पत्नी व इतर काही वरिष्ठ मंडळी दोषी ठरली. स्वतः हबर्ड यांच्यावर त्या प्रकरणात खटला भरला गेला नाही. १९८० पासून मात्र ते लोकांच्या नजरेआड झाले. कॅलिफोर्नियातल्या क्रेस्टन गावाजवळच्या एका शेतवाडीवर ते मोजक्या माणसांसह राहत होते, आणि तिथेच २४ जानेवारी १९८६ रोजी त्यांचे निधन झाले. वय चौऱ्याहत्तर. दहन झाले, रक्षा प्रशांत महासागरात सोडली.

तीन दिवसांनी, २७ जानेवारीला, हॉलिवूडच्या एका मोठ्या सभागृहात अनुयायांना बोलावण्यात आले. व्यासपीठावरून त्यांना जे सांगण्यात आले त्याचा मथितार्थ असा, की रॉन मेलेले नाहीत. आता पुढचे संशोधन देहात राहून होण्याजोगे नव्हते, म्हणून त्यांनी आपणहून देह बाजूला ठेवला.

मराठी माणसाला हे ऐकून नवल वाटणार नाही. आपणही म्हणतो, ‘महाराजांनी देह ठेवला.’ शेजारचा आबा जातो तेव्हा तो वारतो. महाराज मात्र देह ठेवतात. या शब्दांत आपले प्रेम असते, आदर असतो, आणि थोडी समजूतही असते, स्वतःच स्वतःची घातलेली. ज्यांनी आयुष्य त्या माणसाच्या शब्दावर उधळले, त्यांना त्या रात्री ‘तो झटका येऊन गेला’ हे वाक्य पेलले नसते. म्हणून मी त्या सभागृहातल्या लोकांना हसणार नाही.

पण पुढे काय झाले ते पाहा. आठवण ठेवण्याची एक मोठी यंत्रणा उभी राहिली. दर वर्षी १३ मार्चला जन्मदिवसाचा सोहळा होतो. सभा संपली की त्यांच्या तसबिरीकडे वळून टाळ्यांचा आणि जयघोषाचा गजर होतो. जिथे जिथे ते राहिले त्यांतली काही घरे जशी होती तशी सजवून ठेवली आहेत. सेंट हिलचा वाडा त्यांतलाच. न्यू मेक्सिको राज्यात ट्रेमेंटिना नावाच्या ओसाड जागी डोंगराच्या पोटात तळघरे खोदली आहेत, आणि तिथे हबर्ड यांचे लेखन पोलादाच्या पत्र्यांवर कोरून, टायटेनियम धातूच्या पेट्यांत बंद करून ठेवले आहे. पूर येवो, आग लागो, जग बुडो, शब्द राहिला पाहिजे, ही त्यामागची जिद्द. आपल्याकडे राजे लोकांनी दानपत्रे तांब्यावर कोरली; हे त्याच जातीचे काम, पण केवढ्या प्रचंड प्रमाणावर!

माक्स वेबर नावाचे एक थोर जर्मन समाजशास्त्रज्ञ होऊन गेले. ते १९२० साली वारले, म्हणजे हबर्ड तेव्हा नऊ वर्षांचे पोर होते. वेबर यांनी सांगून ठेवले आहे, की मोहिनी घालणाऱ्या पुढाऱ्याची सत्ता त्याच्या अंगच्या तेजावर चालते, नियमांवर नव्हे. तो गेला की ते तेज जाईल, ही अनुयायांना धास्ती पडते. मग ते तेज ते खुर्चीत ठेवतात, नियमात ठेवतात, पुस्तकात ठेवतात, पदाच्या शिक्क्यात ठेवतात. जिवंत माणसाच्या जागी संस्था उभी राहते. ती रिकामी खोली म्हणजे वेबर यांचा सिद्धांत टेबल-खुर्ची मांडून दाखवल्यासारखी आहे.

यात वाईट काय? वरवर पाहता काहीच नाही. पण आता मी ज्या प्रकरणाचा सुरुवातीला उल्लेख केला, तिकडे वळतो. कारण खरी परीक्षा तिथे झाली.

हबर्ड हयात असतानाच, १९८० साली, पंथातल्या जेरी आर्मस्ट्राँग नावाच्या एका कार्यकर्त्याला त्यांच्या जुन्या कागदांची खोकी सापडली. त्या सुमारास पोलिसांच्या भीतीने कागद नष्ट करण्याचे काम चालले होते, आणि ही खोकीही त्याच वाटेने जायची होती. आर्मस्ट्राँग हा निष्ठावंत माणूस. समुद्रावर हबर्ड यांच्या जहाजावर राहिलेला. त्याला वाटले, हे तर आपल्या रॉनचे आयुष्य! टीकाकार म्हणतात रॉन आपल्याविषयी खोटे सांगतात. या कागदांनीच त्यांची तोंडे बंद होतील. त्याने हबर्ड यांच्याकडे परवानगी मागितली, ती मिळाली. कागद जमवायचे, लावायचे, आणि एका व्यावसायिक लेखकाकडून चरित्र लिहून घ्यायचे असे ठरले.

तो वाचीत गेला. पत्रे, रोजनिशा, नौदलाची कागदपत्रे. पंथाच्या पुस्तिकांतून छापले होते, की रॉन हे अणुशास्त्राचे जाणकार. कागद सांगत होते, की पदवीच मिळवलेली नाही. छापले होते, की युद्धात ते अपंग आणि आंधळे झाले आणि स्वतःच्या विद्येने बरे झाले. नौदलाच्या कागदांवरून तसे दिसत नव्हते, पोटातल्या व्रणासारखे आजार दिसत होते. असे एकेक. त्याने वरिष्ठांना कळवले, की छापलेले दुरुस्त करा. नाहीतर चरित्र निघाल्यावर फजिती होईल. दुरुस्ती झाली नाही. उलट त्याच्याच निष्ठेची तपासणी करण्याची भाषा सुरू झाली. १९८१ च्या अखेरीस तो पंथ सोडून बाहेर पडला. जाताना धास्ती होती, म्हणून पुराव्याचे काही कागद पुढे त्याने आपल्या वकिलांकडे पाठवून ठेवले. १९८२ साली पंथाने त्याच्यावर दावा लावला: कागद आमचे, परत द्या.

१९८४ साली लॉस एंजेलिसच्या न्यायालयात न्यायमूर्ती पॉल ब्रेकेनरिज यांच्यापुढे तो दावा चालला. निकाल आर्मस्ट्राँगच्या बाजूने झाला. न्यायमूर्तींनी हबर्ड यांच्याविषयी जे लिहिले ते दोन्ही अंगांनी वाचण्यासारखे आहे. स्वतःच्या पूर्वायुष्याविषयी हा माणूस सतत असत्य सांगत आला असे पुराव्यावरून दिसते, असे त्यांनी कठोर शब्दांत म्हटले. आणि त्याच निकालपत्रात असेही म्हटले, की हा माणूस विलक्षण मोहिनी असलेला होता, माणसांना उभे करण्याची, त्यांना जोडण्याची, वळवण्याची आणि स्फूर्ती देण्याची मोठी ताकद त्याच्यात होती. पंथाला हा निकाल मान्य नव्हता. हबर्ड यांची नौदलातली कागदपत्रे पूर्ण नाहीत आणि त्यांची कामगिरी गुप्त होती, असे पंथाचे म्हणणे आहे. ते इथे नोंदवले पाहिजे.

श्रोतेहो, या गोष्टीत चोर कोण आणि साव कोण, हे ठरवण्यासाठी मी ती सांगितली नाही. माझ्या मनाला लागते ते हे, की ज्या माणसाने खोकी नष्ट होण्यापासून वाचवली, तो शत्रू नव्हता. रॉनवर जीव असलेला माणूस होता तो. प्रेम नसते तर त्याने कागद जपले नसते, आणि प्रेम नसते तर, “हे चुकीचे छापले आहे, दुरुस्त करा,” असे म्हणण्याची त्याला गरजही पडली नसती. आठवण जपणे आणि आठवण तपासणे, ही दोन्ही कामे त्याने एकाच भक्तीने केली. संस्थेला त्यांतले पहिले हवे होते, दुसरे नको होते.

आणि तपासणे नको झाले, की हळूहळू माणसेही नकोशी होतात. या पंथात अशी चाल आहे, की जो पंथाचा विरोधक ठरला त्याच्याशी संबंध तोडावा. पंथाची मंडळी म्हणतात, ज्याने त्याने हे आपल्या मर्जीने ठरवायचे असते. पंथ सोडून आलेले कित्येक जण सांगतात, की आमच्या आईने आमच्याशी बोलणे सोडले, आमचा मुलगा आम्हाला ओळख देत नाही. विचार करा. एका घरातली दोन माणसे, दोघांनीही एकाच गुरूवर प्रेम केलेले, दोघांच्याही मनात त्याच्या आठवणी. पण एकाला एक आठवते आणि दुसऱ्याला दुसरे, म्हणून दोघांनी एका ताटाजवळ बसायचे नाही! अशी आठवण काय कामाची? पोलादावर कोरलेला शब्द हजार वर्षे टिकेल, पण आईला लेकाशी बोलता येत नाही, तर टिकले काय?

नवल असे, की पंथ सोडून गेलेल्यांतही हबर्ड यांच्याविषयी ओलावा असलेली माणसे आहेत. काही जण संस्थेबाहेर राहून त्यांची रीत अजून चालवतात. काही जण म्हणतात, त्यांनी आम्हाला फसवले, आणि त्याच दमात म्हणतात, पण त्यांचा आवाज ऐकला की अजून बरे वाटते. यात विसंगती काही नाही. माणूस मिसळलेला असतो, त्याची आठवणही मिसळलेलीच राहणार. गहू आणि खडे एकत्र आले म्हणून कोणी पोते फेकून देत नाही, आणि कोणी खड्यांसकट दळायलाही देत नाही. बाई सूप घेऊन बसते आणि निवडते. निवडणे हा धान्याचा अपमान नव्हे.

आता थोडे शिक्षक बंधुभगिनींशी.

आपल्या शाळांतून जयंत्या होतात, पुण्यतिथ्या होतात. तसबिरीला हार घालतात, दोन मुले पाठ केलेले भाषण म्हणून दाखवतात, टाळ्या होतात आणि खाऊ वाटला की मुले घरी जातात. हे करू नये असे मी म्हणत नाही. हार घालण्यात गोडी आहे, आणि मुलांना आदर शिकवलाच पाहिजे. पण त्याला थोडी जोड द्या. थोर राष्ट्रपुरुषांचे राहू द्या. आपल्या गावातलाच एखादा गेलेला माणूस घ्या, ज्याने शाळेसाठी जागा दिली असेल, विहीर बांधली असेल, तालीम चालवली असेल. मुलांना सांगा, की त्याला ओळखणाऱ्या तीन माणसांकडे जा आणि विचारून या. त्यांतला एक त्याचा लाडका असावा, एक त्याच्याशी भांडलेला असावा, आणि एखादी त्याच्या घरातली म्हातारी बाई असावी. तिघांनी सांगितलेले वहीत वेगवेगळे लिहा. कुठे जुळते, कुठे जुळत नाही, ते पाहा. साल ठाऊक असेल तर घाला, नसेल तर मनाने घालू नका. ग्रामपंचायतीत, सोसायटीत, शाळेच्या दप्तरात एखादा जुना कागद असला तर तो पाहा.

मुले परत येतील तेव्हा एखादा म्हणेल, “गुरुजी, ते आजोबा म्हणाले, की विहिरीचे पैसे सगळ्या गावाने घातले होते.” तेव्हा त्या मुलाला गप्प बसवू नका. “शाबास, तेही लिही,” असे म्हणा. विहीर बांधणारा त्याने लहान होत नाही. गाव मात्र थोडे मोठे होते. आणि मुलाला कळते, की ज्याला आपण मान देतो त्याच्याविषयी खरे विचारायला हरकत नसते.

घरात वडीलधारे माणूस जाते तेव्हाही हेच. तेराव्या दिवशी मंडळी जमतात, आठवणी निघतात. कोणी म्हणते, मोठे दिलदार होते. कोपऱ्यातून थोरली सून हळूच म्हणते, दिलदार होते, पण रागही तसाच होता. एकदम सगळे गप्प होतात. गप्प होऊ नका. तिचेही ऐकून घ्या. तिनेच त्यांची शेवटची तीन वर्षे सेवा केलेली असते. तिला जे आठवते ते तिने मिळवलेले आहे. ज्या घरात दोन्ही आठवणी एका पंगतीला बसू शकतात, त्या घरातून गेलेला माणूस निदान खोटा होऊन जात नाही.

हबर्ड यांनी आपल्या लोकांना एक रीत शिकवली होती: समोरच्याला दटावू नका, मध्ये बोलू नका, जे आठवते ते त्याला आठवू द्या, आणि ऐका. माणसे त्या ऐकण्यासाठी दूरदूरहून त्यांच्यापाशी आली. त्या रीतीने स्वतः रॉनच्या आठवणी ऐकून घ्यायला त्यांची संस्था तयार झाली असती, तर आर्मस्ट्राँगला न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती. आपल्या गावात, आपल्या शाळेत, आपल्या घरात आपण एवढे केले तरी पुष्कळ आहे. फोटो भिंतीवर राहू द्या, हार दर वर्षी बदला, आणि ज्याला काही वेगळे आठवते आहे त्याला बसायला पाट द्या.